मेलेले हरीण सरकारचे, चरणारे कोणाचे?

हरणाच्या शिकारीसाठी सरकार एके काळी रीतसर परवाना देत असे, त्यासाठी शुल्क घेत असे आणि मारलेल्या जनावराची लेखी नोंद मागत असे, ही गोष्ट आजच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याला सांगितली तर ती त्याला खरी वाटणार नाही. हरीण आणि कायदा हे दोन शब्द एकत्र आले की त्याला आठवतो तो जोधपूरचा खटला. १९९८ साली कांकाणी गावाच्या शिवारात दोन काळविटांची शिकार केल्याचा आरोप एका प्रसिद्ध चित्रपट-अभिनेत्यावर आला आणि एप्रिल २०१८ मध्ये, म्हणजे जवळजवळ वीस वर्षांनी, तेथील न्यायालयाने त्याला पाच वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली. त्या शिक्षेची चर्चा झाली, जामिनाची तर त्याहून अधिक झाली. परंतु हरणासंबंधीचा कायदा ज्याच्या अंगाला वर्षानुवर्षे, हंगामामागून हंगाम लागतो तो मनुष्य नट नव्हे. तो सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ, माढा, करमाळा, उत्तर सोलापूर अशा तालुक्यांतला कोरडवाहू शेतकरी आहे, आणि त्याच्याविषयी कोणी फारसे लिहीत नाही.

सोलापूर-पुणे रस्त्यावरचे मोहोळ हे नागनाथाच्या देवस्थानामुळे सर्वपरिचित आहे. शेतकी खात्याच्या दप्तरात मात्र त्याची ओळख निराळी आहे. रब्बी ज्वारीचा ‘मालदांडी ३५-१’ हा वाण १९३० च्या दशकात येथल्याच संशोधन केंद्रात, स्थानिक मालदांडीतून निवड करीत करीत तयार झाला. त्यानंतर कितीतरी नवे वाण आले. तरी दख्खनच्या काळ्या रानातला शेतकरी भाकरीसाठी आणि कडब्यासाठी अद्याप मालदांडीचेच नाव काढतो. ही ज्वारी हस्त नक्षत्राच्या सुमारास पेरली जाते, मार्गशीर्ष-पौषात हुरड्याला येते आणि माघ-फाल्गुनात तिची काढणी होते. पाऊस संपल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर ती वाढते. तिला दुसरी संधी नसते. एकदा कोवळा शेंडा खाल्ला गेला, तर त्या ताटाला पुन्हा जोमदार कणीस धरण्याइतकी ओल बहुधा मागे राहिलेली नसते. आणि नेमक्या याच दिवसांत माळावरचे गवत वाळून पिवळे पडते व काळविटांचे कळप माळ सोडून हिरव्या शिवाराकडे वळतात.

आगगाडीच्या खिडकीतून तो कळप पाहणाऱ्या प्रवाशाला आनंद व्हावा हे स्वाभाविकच आहे. पाठ काळी, पोट पांढरे, पिळदार शिंगे मागे टाकून उभा असलेला नर आणि त्याच्याभोवती पिंगट रंगाच्या माद्या, असे दृश्य भारतीय उपखंडाबाहेर निसर्गतः कोठेही दिसत नाही. ज्याचे रान आहे त्याला मात्र त्या दृश्याचा हिशेब ठाऊक असतो. पंधरा-वीस जनावरे भल्या पहाटे हरभऱ्यात उतरली की खाण्याने जेवढे जाते तेवढेच तुडवण्याने आणि लोळण्याने जाते. माळा घालून जागल करणे, गोफण फिरवणे, बुजगावणे उभे करणे, बांधाभोवती जुनी लुगडी बांधणे, हे त्याचे उपाय. ज्याच्याकडे पैसा आहे तो सौर ऊर्जेवर चालणारे झटक्याचे कुंपण घालतो. मग कळप कुंपणाला वळसा घालून शेजारच्या गरिबाच्या रानात जातो.

सामान्य बोलण्यात आपण चितळ, सांबर, काळवीट, चिंकारा या सर्वांना हरीणच म्हणतो. शास्त्राच्या दृष्टीने ही दोन निराळी कुळे आहेत. ज्यांची शिंगे भरीव, फांद्या फुटलेली असतात आणि दरवर्षी झडून पुन्हा उगवतात ते चितळ-सांबर म्हणजे सारंग. ज्यांची शिंगे पोकळ असून आयुष्यभर टिकतात ते काळवीट-चिंकारा म्हणजे कुरंग. हे दोन सुंदर शब्द मराठी वाचकांच्या ओळखीचे झाले ते मुख्यतः मारुती चितमपल्ली यांच्यामुळे. १९३२ साली सोलापुरात जन्मलेले आणि जून २०२५ मध्ये सोलापुरातच निवर्तलेले हे वनाधिकारी-लेखक आपल्या अरण्यविद्येचे श्रेय पुस्तकांइतकेच पारध्यांना आणि आदिवासींना देत असत. त्या पारध्यांकडे पुढे यावे लागेलच. सारंग-कुरंग हा भेद केवळ विद्वत्तेचा नाही. राज्य शासनाच्या पीकनुकसानीसंबंधीच्या आदेशातही ‘हरीण (सारंग व कुरंग)’ असे शब्द योजलेले आहेत. मोहोळच्या माळावरचे हरीण हे कुरंग आहे. ते दाट जंगलात राहत नाही. उघडा माळ, गवत आणि शेत हेच त्याचे घर. म्हणून ‘जंगलातले जनावर शेतात आले’ ही नेहमीची तक्रार येथे अर्धवटच लागू पडते. माळ मोडून शेत झाले आणि हरीण जेथे होते तेथेच राहिले, असेही म्हणता येईल.

हरणाच्या शिकारीवर राजाने नियंत्रण ठेवावे ही कल्पना मुळीच नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सूनाध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्याची कर्तव्ये सांगितली आहेत. राजाने अभय दिलेल्या मृगांना पकडणाऱ्यास वा मारणाऱ्यास भारी दंड आणि जिवंत पकडलेल्या पशुपक्ष्यांचा सहावा भाग अभयवनात सोडण्याचा नियम त्यात आहे. म्हणजे बंदी, परवानगी आणि कर या तिन्ही गोष्टी तेव्हाच एकत्र नांदत होत्या. इंग्रजी अमदानीत या विषयावर जो देशव्यापी कायदा झाला तो १९१२ चा. त्याने प्रांतिक सरकारांना बंदीकाळ ठरवण्याचा अधिकार दिला. त्याचा दंड आज हास्यास्पद वाटेल: पहिल्या अपराधास पन्नास रुपयांपर्यंत. परंतु त्या तुटपुंज्या कायद्यात एक वाक्य होते, आणि या साऱ्या प्रकरणाचे मर्म त्या वाक्यात आहे. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाच्या रक्षणासाठी, तसेच मालमत्तेच्या प्रामाणिक रक्षणासाठी जनावर मारले गेले, तर हा कायदा त्याला लागू नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. उभे पीक ही मालमत्ता आहे हे शेतकऱ्याला सांगावे लागत नव्हते.

स्वातंत्र्यानंतर तत्कालीन मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला आणि परवान्याची पद्धत अधिक रेखीव झाली. पुढे १९७२ मध्ये संसदेने वन्यजीव (संरक्षण) अधिनियम संमत केला. त्या अधिनियमाने शिकार संपवली, असा समज सर्वत्र आढळतो. शाळेच्या पाठ्यपुस्तकांतूनही तो नकळत पसरतो. वस्तुस्थिती अशी की मूळ १९७२ च्या कायद्यात शिकारीच्या परवान्यासाठी संपूर्ण प्रकरण होते. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांची शिकार निषिद्ध होती. उरलेल्यांसाठी विशेष शिकार, मोठी शिकार, लहान शिकार आणि जिवंत पकडण्याचा, असे चार प्रकारचे परवाने होते. परवानाधारकाने मारलेल्या किंवा जखमी केलेल्या जनावराचा तपशील पंधरा दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकाला कळवावा, मुदत संपताच परवाना नोंदीसह परत करावा, पिल्लू मारू नये, मादी मारू नये, ज्याच्या शिंगांवर अजून मखमली साल आहे असा सारंग मारू नये, बंदीकाळ पाळावा, असे नियम होते. वाहनातून गोळी झाडू नये, कृत्रिम प्रकाश वापरू नये, सूर्यास्तानंतर शिकार करू नये, पाणवठ्यावर दबा धरून बसू नये, खासगी जमिनीत मालकाच्या संमतीवाचून जाऊ नये, हेही होते. कागदावर हे नियम उत्तम होते. त्यांत एक शिस्त होती, आणि पशूला पळण्याची संधी द्यावी अशी एक दिलदारीही होती.

पण ही दिलदारी कोणाची होती, हा प्रश्न विचारला पाहिजे. मोठ्या शिकारीसाठी रायफल हे योग्य साधन ठरले. जाळी, खड्डे, विष आणि स्फोटके ही निषिद्ध साधने एका ओळीत बसवली गेली. साहेबाने आणि संस्थानिकाने जी पद्धत खेळ म्हणून रूढ केली ती कायद्याच्या भाषेत सभ्य ठरली आणि पोटासाठी जाळे लावणारा विष घालणाऱ्याच्या पंक्तीला जाऊन बसला. कोल्हापूर संस्थानात शिकवलेले चित्ते हरणांवर सोडले जात. देशातले चित्ते दुर्मिळ झाले तेव्हा आफ्रिकेतून आणवले गेले. ते वैभव म्हणून इतिहासात नोंदले गेले. फासेपारधी मात्र घोड्याच्या शेपटीचे केस आणि तात यांचे फासे लावून, बैलाच्या किंवा गाईच्या आडोशाने सरकत हरणाजवळ जात असे. त्याला कधी परवाना मिळाला नाही, मागावा हेही त्याला कोणी सांगितले नाही. त्याच्या जमातीच्या कपाळी १८७१ च्या कायद्याने गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. सोलापूरची तारेच्या कुंपणातली सेटलमेंट ही त्याच कायद्याची निर्मिती. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला. वीस वर्षांनी नवा कायदा आला तो त्याचा परंपरागत धंदा गुन्हा ठरवणारा. नव्या कायद्याचा हेतू त्याला छळण्याचा खचितच नव्हता. तथापि एका हाताने शिक्का पुसून दुसऱ्या हाताने तो पुन्हा मारल्यासारखे झाले, आणि मधल्या काळात त्याला जमीन वा दुसरा धंदा देण्याचे काम अपुरे राहिले.

परवान्याची पद्धत मोडली ती मात्र पारध्याच्या फाशामुळे नव्हे. ती मोडली जीप आणि सर्चलाइट यांच्यामुळे. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी जीपगाड्या स्वस्तात बाजारात आल्या. उघड्या माळावर धावणाऱ्या काळविटाला वेगाखेरीज दुसरे संरक्षण नाही आणि जीपपुढे तो वेग लटका पडला. अभ्यासकांच्या अंदाजाप्रमाणे १९४७ साली देशात सुमारे ऐंशी हजार काळवीट होते. १९६४ पर्यंत ते आठ हजारांवर आले. या काळात परवाने होते, बंदीकाळ होता, नियमांची पुस्तके होती. नव्हता तो रात्री माळावर उभा राहून जीप अडवणारा शिपाई. ज्याच्याकडे बंदूक आणि वाहन होते तो तालुक्यातला वजनदार माणूस असे, आणि त्याला परवाना विचारायची छाती खालच्या नोकराला होत नसे. अखेरीस संसदेने १९९१ च्या दुरुस्तीने हे परवान्याचे प्रकरणच कायद्यातून काढून टाकले. तेव्हापासून खेळ म्हणून हरीण मारण्याचा परवाना या देशात कोणालाही मिळत नाही. काळवीट आज पहिल्या अनुसूचीत आहे. त्याची शिकार करणाऱ्यास किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, जी एप्रिल २०२३ पासून अमलात आली, किमान दंडही पंचवीस हजार रुपये झाला आहे.

हे सर्व योग्यच झाले. आठ हजारांवर आलेले जनावर वाचवायचे तर कठोर व्हावेच लागते. पण परवाना रद्द करणाऱ्या कायद्याने आणखी एक गोष्ट केली, आणि तिची नोंद फारशी कोणी घेतली नाही. १९१२ च्या वाक्यातला ‘मालमत्ता’ हा शब्द १९७२ मध्ये गळाला. आजच्या अकराव्या कलमानुसार स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या रक्षणासाठी सद्भावनेने जनावर मारणे हा अपराध नाही. पिकाच्या रक्षणासाठी मारणे हा अपराध आहे. उभ्या पिकाला धोका असेल तर अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने शिकार करता येते, पण ती खालच्या अनुसूचीतील प्राण्यांची. म्हणून रानडुकराविषयी आणि रोह्याविषयी महाराष्ट्रात वनक्षेत्रपालाकडे अर्ज करण्याची तरतूद आहे. काळविटाच्या बाबतीत ते दारही बंद आहे: पहिल्या अनुसूचीतील प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल, किंवा तो बरा न होण्याइतका जायबंदी वा रोगग्रस्त असेल, तरच मुख्य वन्यजीव रक्षक परवानगी देऊ शकतो. काळवीट माणसाच्या जिवावर उठत नाही. तो फक्त ज्वारी खातो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. तेव्हा एक कायदा शेतकऱ्याला पीक राखायला बंदूक देतो आणि दुसरा ती काळविटाकडे वळवली तर त्याला तुरुंग दाखवतो. फार तर हवेत बार काढावा!

याहून विलक्षण गोष्ट एकोणचाळिसाव्या कलमात आहे. बेकायदेशीरपणे मारलेला किंवा मृतावस्थेत सापडलेला वन्य प्राणी ही राज्य शासनाची मालमत्ता समजली जाते. रस्त्यावर मोटारीखाली आलेले किंवा कठडा नसलेल्या विहिरीत पडून मेलेले हरीण शेतकऱ्याने हलवायचे नाही. वनखात्याला कळवायचे, त्याचा पंचनामा होणार, विल्हेवाट सरकार लावणार. मेलेले हरीण अशा रीतीने निःसंशय सरकारचे आहे. तेच हरीण जिवंतपणी चार महिने एखाद्याच्या हरभऱ्यावर पोसले गेले, तर त्या चार महिन्यांत ते कोणाचे होते, या प्रश्नाला कायद्यात इतके स्वच्छ उत्तर नाही. मालकी मृत्यूनंतर सुरू होते आणि पोटापाण्याची जबाबदारी त्याआधीच संपलेली असते.

मोहोळच्या शेतकऱ्याला हा अनुभव पहिल्यांदाच आला असे नाही. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी सोलापूरचे पक्षिमित्र बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नजच्या माळावरील माळढोकाकडे लक्ष वेधले आणि १९७९ मध्ये शासनाने माळढोक पक्षी अभयारण्य घोषित केले. त्याचे क्षेत्र तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर होते. त्यात मोहोळसह सोलापूर जिल्ह्याचे तालुके आणि तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत, श्रीगोंदे, नेवासे हे भाग आले. गावे, बाजारपेठा, रस्ते, ऊस, द्राक्षबागा, सारे काही नकाशावर अभयारण्यात जमा झाले. जमिनीच्या व्यवहारांवर आणि बांधकामांवर निर्बंध आले. पक्षी पाहिलाही नाही अशा हजारो खातेदारांच्या मनात त्याच्याविषयी अढी बसली. तेहतीस वर्षांनी, २०१२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या मान्यतेने हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. तोवर माळढोक दिसेनासा होत आला होता. त्याच माळावर काळवीट मात्र टिकला, वाढला. शेजारच्या कर्जत तालुक्यात रेहेकुरीला १९८० मध्ये खास काळविटांसाठी अभयारण्य झाले. त्याचे क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर आहे. एवढ्या तुकड्यात कळप मावत नाहीत हे सांगायला तज्ज्ञ नको.

मग शेतकऱ्याला काय मिळते? नुकसानभरपाई. जुलै २०१५ च्या शासन निर्णयात रानडुक्कर, हरीण, रानगवा, रोही, माकड, वानर आणि वनहत्ती यांनी केलेल्या पीकनुकसानीसाठी अर्थसाहाय्याची व्यवस्था आहे आणि ती नंतर सुधारलीही गेली. व्यवस्था आहे हे मान्य केले पाहिजे. अनेक राज्यांत ती इतपतही नाही. पण तिची घडण दानाची आहे, देण्याची नाही. नुकसानीचा आकडा वाढला की भरपाईचे प्रमाण घटते आणि वर कमाल मर्यादेचे झाकण असते. ठरलेल्या दिवसांत तक्रार द्यायची, सातबाराचा उतारा जोडायचा, पंचनाम्याची वाट पाहायची. पंचनामा होईपर्यंत खाल्लेली ज्वारी तशीच ठेवायची की मोडून दुसरे काही पेरायचे, हे ज्याने त्याने ठरवायचे. कारकुनी कामाची ज्यांना माहिती आहे त्यांना यातील अडचण लगेच कळेल: हरीण एका रात्रीत एक एकर फस्त करीत नाही. ते रोज थोडे खाते. आज दहा ताटे, उद्या पंधरा. नुकसान नेमके कोणत्या तारखेला झाले, या रकान्यात काय लिहावे?

शिवाय सोलापूरच्या ज्वारीचे मोल दाण्यातच आहे असे नाही. दुष्काळी वर्षात कडब्याची पेंढी हीच शेतकऱ्याची ठेव असते. त्याच्या दावणीची जनावरे त्यावर जगतात आणि उरलेला कडबा विकून त्याचे देणे भागते. शेंडा खाल्लेल्या ताटापासून दाणाही नाही आणि पुरता कडबाही नाही. नुकसानीचा अंदाज करताना एकरी उताऱ्याचे क्विंटल मोजले जातात, पण पेंढ्याही त्याच हिशेबात धरल्या पाहिजेत. अशी मागणी तालुक्याच्या ठिकाणी ऐकू येते. मुंबईपर्यंत ती पोहोचते की नाही कोण जाणे.

या परिस्थितीवर एक उपाय अधूनमधून सुचवला जातो, तो म्हणजे परवाने पुन्हा सुरू करण्याचा. त्याचे समर्थक परदेशांचे दाखले देतात आणि ते दाखले खोटे नाहीत. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या प्रारंभी पांढऱ्या शेपटीची हरणे नामशेष होण्याच्या वाटेवर होती. तेथे परवान्याच्या शुल्कातून, आणि १९३७ च्या कायद्याने बंदुका व काडतुसे यांवर बसवलेल्या करातून, वन्यजीवांसाठी मोठा निधी उभा राहिला. आज त्यांची संख्या कोटींमध्ये आहे आणि नियंत्रित शिकार हाच तेथे संरक्षणाचा आधार मानला जातो. इंग्लंडमध्ये बहुतेक जातींच्या हरणांचा, नराचा आणि मादीचा, बंदीकाळ वेगवेगळा ठरलेला आहे. परंतु या पद्धती ज्या पायावर उभ्या आहेत तो पाया येथे नाही. परवाने किती द्यायचे हे ठरवण्यासाठी हरणे किती आहेत हे आधी माहीत असावे लागते; अभयारण्याच्या सीमेबाहेर, गावागावांच्या शिवारात फिरणाऱ्या कळपांची नियमित गणना हा आपल्याकडे अजून खात्याचा नित्यक्रम झालेला नाही. आणि दुसरे असे की येथे परवान्याचा इतिहास ताजा आहे. परवान्यातले एक जनावर दिवसा मारावे आणि त्याच कागदाच्या आडोशाने रात्री पाच मारावीत, हे पूर्वी घडले. पुन्हा घडणार नाही याची हमी देणारा शिपाई अजूनही माळावर उभा नाही. शुल्क भरून शहरातला हौशी मनुष्य काळवीट मारून नेईल आणि ते शुल्क कोषागारात जमा होईल. मोहोळच्या शेतकऱ्याच्या ज्वारीला त्याचा काय उपयोग? बिहारमध्ये जून २०१६ मध्ये रोह्यांना उपद्रवी ठरवून मोकामा येथे बाहेरून बोलावलेल्या नेमबाजांकरवी दोनशेहून अधिक जनावरे मारली गेली, तेव्हा केंद्रातले दोन मंत्रीच एकमेकांविरुद्ध बोलू लागले होते. त्या गोंगाटात पिकाचा मूळ प्रश्न बाजूलाच राहिला.

तेव्हा परवाना नको हे ठीक. पण परवान्याच्या पद्धतीत जो हिशेब होता तो नाहीसा होऊ देणे ठीक नाही. एका जनावरामागे एक नोंद, एक शुल्क आणि एक जबाबदार मनुष्य, अशी ती वही होती. शिकार बंद झाली तेव्हा ती वहीही मिटली गेली, आणि जनावर पोसण्याचा खर्च कोणाच्याच खात्यावर न पडता ज्याचे रान माळाला लागून आहे त्याच्यावर पडला. काळवीट ही राष्ट्राची ठेव आहे असे म्हणायचे आणि तिचे व्याज दहा-बारा एकरांच्या कोरडवाहू खातेदाराकडून वसूल करायचे, हा व्यवहार कोणत्याही बँकेच्या कारकुनाला पटणार नाही. भरपाई ही मेहेरबानी नसून चराईचे देणे आहे असे मानले, तर बऱ्याच गोष्टी सरळ होतात. कमाल मर्यादेचे झाकण मग उरत नाही. तारखेचा रकाना जातो आणि हंगामाचा येतो: पेरणीनंतर एकदा, हुरड्याच्या वेळी एकदा आणि काढणीपूर्वी एकदा अशी पाहणी करून वर्षाचे देणे ठरवता येते.

गवताचाही विचार या हिशेबात आला पाहिजे. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाल्यावर कालव्यांनी आणि उपसा योजनांनी भीमा व सीना यांच्या काठची शिवारे पालटली. टाकळी सिकंदरच्या भीमा कारखान्यासारखे साखर कारखाने उभे राहिले, ज्या माळावर कुसळाखेरीज काही उगवत नसे तेथे ऊस डोलू लागला. कोणी त्याविषयी खंत करू नये. पाण्याची वाट या भागाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिली होती. पण उरलेल्या माळावरही झाडे लावण्याचा उत्साह दाखवला गेला आणि उघड्या कुरणांत गिरिपुष्पासारख्या परदेशी झाडांच्या रांगा उभ्या राहिल्या, ही गोष्ट अनाकलनीय आहे. काळविटाला झाडी नको असते. त्याला दूरवर दिसणारे मोकळे गवत हवे असते. पवना, शेडा, मारवेल यांसारखी गवते गायरानात आणि वनखात्याच्या माळावर राखली, तर निदान पौषापर्यंत कळप तेथे थांबू शकेल, आणि धनगराच्या मेंढरांनाही त्याचा लाभ होईल. वृक्षारोपणाचे आकडे कमी भरतील एवढेच.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने वन्य प्राण्यांनी केलेले पिकाचे नुकसान पीक विम्याच्या संरक्षणात घेण्याचे ठरवले आणि २०२६ च्या खरिपापासून त्याची अंमलबजावणी जाहीर केली. नुकसान झाल्यापासून बहात्तर तासांत भ्रमणध्वनीवरून छायाचित्रासह कळवायचे, अशी त्याची रीत आहे. पाऊल चांगले आहे. मात्र छायाचित्रात दिसते ते खाल्लेले पीक. खाणारा दिसत नाही. सोलापूरच्या शिवारात शेळ्या-मेंढ्याही पुष्कळ, मोकाट जनावरेही पुष्कळ, आणि कोरड्या मातीत काळविटाचा खूर व शेळीचा खूर यांत फरक करणे हे विमा कंपनीच्या प्रतिनिधीचे शिक्षण नव्हे. दावा नाकारण्याचे पहिले कारण तेच होणार आहे. खूर कोणाचा, कळपात नर किती, जनावर कोणत्या प्रहरी आले आणि कोणत्या वाटेने गेले, हे मातीकडे पाहून सांगू शकणारी माणसे या जिल्ह्यात आहेत. ती फासेपारध्यांच्या पालांवर राहतात, आणि सध्या त्यांची ही विद्या केवळ संशयाचे कारण ठरते. वनखात्याने पाहणीच्या पथकात त्यांच्यातली दोन माणसे प्रत्येक तालुक्यात पगारावर घ्यावीत आणि त्यांच्या सांगण्याची पंचनाम्यात रीतसर नोंद करावी. कळपांची गणनाही त्यांच्याच मदतीने होऊ शकेल. येत्या हस्तात पेरणी होण्यापूर्वी मोहोळ तालुक्यापासून या कामास आरंभ करता येईल. त्यासाठी कायद्यात दुरुस्ती लागत नाही, वनक्षेत्रपालाच्या कचेरीतून निघणारा एक नेमणुकीचा हुकूम लागतो.